‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ : फाइल-सिस्टिमच्या ताण-चाचण्यांच्या कालमर्यादेचा विचार

१

एखादी वस्तू ‘नाही’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, हा आपल्या तर्कपरंपरेतील एक जुना प्रश्न आहे. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, हे विधान कोणीही मान्य करील. परंतु त्याच जमिनीवर पिशाच दिसत नाही, म्हणून तेथे पिशाच नाही, असे म्हणता येत नाही. कारण पिशाच तेथे असते तर ते दिसलेच असते, असे कोणी मानीत नाही. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले, धर्मकीर्तीने तिला अनुमानाच्या कक्षेत बसविले, आणि नैयायिकांनी अभावाचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते असे मानून तिला साहाय्यकारी ठरविले. एवढा मतभेद असूनही एका अटीविषयी ह्या तिन्ही पक्षांत पुष्कळ साम्य आहे : वस्तू असती तर ती आढळण्याजोगी होती, एवढे सिद्ध असेल तरच तिचे न आढळणे हे तिच्या नसण्याचे गमक ठरते. ह्या अटीलाच कोणी ‘योग्यता’ तर कोणी ‘दृश्यता’ असे नाव दिले आहे.

प्रस्तुत लेखात ही जुनी अट एका आधुनिक व्यवहारास लावून पाहावयाची आहे. संगणकाच्या डिस्कवरील फायलींची नावे, त्यांची जागा, लांबी, मालकी आणि परस्परसंबंध ह्यांची नोंद ठेवणारी जी व्यवस्था असते, तिला फाइल-सिस्टिम म्हणतात. विद्यार्थ्याचा प्रबंध, रुग्णालयाच्या नोंदी, पतपेढीची खाती ही सर्व अखेर तिच्याच स्वाधीन असतात. तिच्यातील दोष इतर आज्ञावलींतील दोषांप्रमाणे लगेच उघडकीस येतोच असे नाही. पुष्कळदा तो मजकूर मुकाट्याने बिघडवितो, आणि बिघाड ध्यानात येईपर्यंत त्या मजकुराच्या राखून ठेवलेल्या प्रतीही बिघडलेल्या असतात. म्हणून तिची परीक्षा कठोरपणे घ्यावी लागते. अनेक प्रक्रियांकडून एकाच वेळी तिच्यावर यादृच्छिक क्रियांचा भडिमार करावयाचा आणि ती कोठे डळमळते ते पाहावयाचे, ह्या परीक्षेस ताण-चाचणी अथवा रूढ शब्दांत स्ट्रेस टेस्ट म्हणतात.

ह्या परीक्षेला स्वाभाविक शेवट नसतो. यादृच्छिक क्रिया कितीही काळ करीत राहता येतात. शेवट बाहेरून ठरवावा लागतो, आणि तो कसा ठरवावा, हाच येथील वादविषय होय. भाषाभ्यासकाने ह्यात बोलावे ह्याचे आश्चर्य वाटू नये. मर्यादित संहितेच्या आधारे अमर्याद भाषेविषयी विधान करणे हा आमचा नित्याचा व्यवसाय आहे, आणि ‘हे रूप ह्या बोलीत नाही’ असे लिहिताना आम्ही याच संकटात सापडत असतो.

२

विवेचनास एक निश्चित आधार असावा म्हणून लिनक्सच्या जगात सर्वांत अधिक वापरला जाणारा चाचणीसंग्रह येथे घेतला आहे. एक्सएफएसटेस्ट्स हा तो संग्रह. सिलिकॉन ग्राफिक्स ह्या कंपनीत एक्सएफएस ह्या फाइल-सिस्टिमसाठी त्याचा जन्म झाला. पुढे तो लिनक्सवर आला, एक्स्टफोर, बीटीआरएफएस इत्यादी इतर फाइल-सिस्टिमांनीही त्याचा स्वीकार केला, आणि आज त्याला नुसते ‘एफएसटेस्ट्स’ असेही म्हणतात. त्यातील अनेक चाचण्या दोन आज्ञावलींवर उभ्या आहेत.

पहिली एफएसस्ट्रेस. ती अनेक प्रक्रिया सुरू करते. प्रत्येक प्रक्रिया फायली निर्माण करणे, त्यांची नावे बदलणे, त्यांत लिहिणे, त्या कापणे, पुसणे अशा क्रिया ठरलेल्या भारांकांनुसार यादृच्छिक क्रमाने करीत सुटते. दुसरी एफएसएक्स. तिचा कर्ता ॲव्हाडिस टेव्हेनियन, आणि तिच्यावरील स्वामित्वनोंद नेक्स्ट कंपनीची, १९९१ सालची आहे. ही एकाच फायलीशी झुंजते. फायलीत काय असावयास हवे ह्याची प्रत ती स्मृतीत बाळगते, वाचलेला मजकूर त्या प्रतीशी ताडते, आणि तफावत दिसताच थांबते. पहिली आज्ञावली व्यवस्थेला केवळ दमविते व दोषाची लक्षणे दुसऱ्या कोणी पाहावीत अशी अपेक्षा करते. दुसरी स्वतःच साक्षीदार असते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

भाषेच्या दृष्टीने पाहता ह्या दोन्ही आज्ञावली वाक्यनिर्मिती करणारी व्याकरणेच आहेत. क्रिया हे त्यांचे शब्द, क्रियांचे क्रम ही त्यांची वाक्ये, आणि ज्या संख्येपासून यादृच्छिकतेचा आरंभ होतो ती ‘सीड’, म्हणजे बीज. तेच बीज दिले असता प्रत्येक प्रक्रिया क्रियांची तीच निवड पुन्हा करू लागते. मात्र अनेक प्रक्रियांच्या क्रिया एकमेकींत कशा गुंफल्या जातील हे बीज ठरवीत नाही. ती गुंफण यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असते.

संग्रहातील चाचण्यांचे गट पाडलेले आहेत. ‘क्विक’ गटातील चाचणी ३० सेकंदांच्या आत संपावी, ‘ऑटो’ गटातील चाचणीस साधारणतः ५ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, असा दंडक आहे. दीर्घकाळ चालावयाच्या चाचण्यांसाठी ‘सोक’ असा निराळा गट आहे. कापड पाण्यात भिजत घालावे त्याप्रमाणे व्यवस्थेला ताणात मुरू द्यावयाचे, असा त्या नावाचा भाव आहे. ‘जेनेरिक ४७६’ ही एफएसस्ट्रेसची लेखनप्रधान चाचणी आणि ‘जेनेरिक ५२१’ व ‘५२२’ ह्या एफएसएक्सच्या चाचण्या ह्याच वर्गात मोडतात.

३

आता मर्यादा कशाने मोजावी, हा प्रश्न. दीर्घकाळपर्यंत ह्या संग्रहात मर्यादा क्रियांच्या किंवा आवर्तनांच्या संख्येने घातली जात असे : प्रत्येक प्रक्रियेने इतक्या क्रिया कराव्यात आणि थांबावे. चाचणी लांबवावयाची असल्यास ‘टाइम फॅक्टर’ नावाचा गुणक वाढवावयाचा. येथे नाव आणि अर्थ ह्यांच्यातील फारकत लक्षात घेण्याजोगी आहे. ‘टाइम फॅक्टर’ वेळेला गुणीत नाही. तो क्रियांच्या वा आवर्तनांच्या संख्येला गुणतो. त्याचे मूल्य दुप्पट केले असता काम दुप्पट होते, पण वेळ किती लागेल हे यंत्रावर, डिस्कवर आणि फाइल-सिस्टिमच्या स्वभावावर अवलंबून राहते. एका यंत्रावर काही मिनिटांत आटोपणारी चाचणी दुसऱ्यावर काही तास चालते, आणि रात्रभरात सर्व संग्रह चालवू पाहणाऱ्याचे वेळापत्रक कोलमडते.

२०२३ मध्ये डॅरिक वाँग ह्यांनी ह्यावर उपाय सुचविला आणि तो संग्रहात आला. ‘सोक ड्युरेशन’ हे चल ठरवून द्यावे. त्यात सेकंद, मिनिटे, तास, दिवस अथवा आठवडे सांगता येतात. ते सांगितले असता एफएसस्ट्रेस व एफएसएक्स ह्या दोहोंना ‘ड्युरेशन’ हा पर्याय दिला जातो, त्या क्रियांची ठरलेली संख्या बाजूस ठेवतात आणि घड्याळाकडे पाहून थांबतात. आवर्तनांवर चालणाऱ्या चाचण्यांनाही हीच सोय मिळाली. डिस्क मध्येच निकामी झाल्याचे सोंग करून सावरण्याची परीक्षा घेणारी ‘जेनेरिक ४७५’ ही त्यांपैकी एक होय. नाव आणि अर्थ ह्यांचे जुळणे, तसेच चाचणीच्या खर्चाचा आगाऊ अंदाज येणे, हे दोन्ही ह्या सुधारणेचे उघड गुण आहेत.

परंतु लाभाबरोबर एक हानीही आली आहे, आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही. संख्येने बांधलेल्या दोन चाचण्यांची परस्परांशी तुलना होऊ शकते. वेळेने बांधलेल्या दोन चाचण्यांची तशी होत नाही. जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चे उदाहरण आमच्या शाखेत सर्वांना परिचित आहे. त्याच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीविषयक सातव्या खंडात निरनिराळ्या बोलींचे नमुने आहेत. उधळ्या पुत्राची तीच कथा प्रत्येक बोलीत सांगवून घेतली असल्यामुळे ते नमुने शेजारी ठेवून पाहता येतात. प्रत्येक बोलीच्या वक्त्याला ‘अर्धा तास बोला’ एवढेच सांगितले असते, तर मंद बोलणाऱ्याचा नमुना तोकडा व शीघ्र बोलणाऱ्याचा भरगच्च झाला असता, आणि बोलींतील भेद कोणता व वक्त्यांतील कोणता हे निवडता आले नसते. अर्थात ठराविक संहितेलाही तिचा दोष आहेच. त्या कथेत जे रूप येण्याचा प्रसंगच नाही ते रूप बोलीत नाही, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल.

चाचणीच्या क्षेत्रात ह्याचा परिणाम असा होतो. एका मोठ्या संस्थेपाशी वेगवान डिस्क असलेली यंत्रे आहेत, आणि एका एकाकी कार्यकर्त्यापाशी जुना लॅपटॉप आहे. दोघेही एक तासाची चाचणी करतात, आणि दोघांच्याही अहवालात चाचणीच्या नावापुढे लागलेले सेकंद येतात व कोणतीही तक्रार येत नाही. पण त्या तासात एकाने दुसऱ्याच्या अनेक पट क्रिया केलेल्या असतात. स्मृतीतील गैरवापर पकडणारी तपासयंत्रणा कर्नलमध्ये चालू केली असता कर्नल मंदावतो, म्हणजे अधिक दक्षतेने परीक्षा घेणाऱ्याच्या वाट्याला त्याच वेळेत कमी क्रिया येतात. अहवालातील शब्द मात्र तोच. संग्रहाच्या संक्षिप्त अहवालात मागील खेपेस किती सेकंद लागले आणि ह्या खेपेस किती, हे शेजारी शेजारी छापलेले असते. किती क्रिया झाल्या हे तेथे नसते. वेळेने बांधलेल्या चाचणीत सेकंदांचा हा आकडा फारसे काही सांगत नाही, कारण तो आपणच ठरवून दिलेला असतो.

४

ह्यापुढचा प्रश्न अधिक मूलगामी आहे : मर्यादा किती असावी? येथे योग्यतेची अट थोड्याशा गणिताने तपासता येते.

समजा, एखादा दोष चाचणी चालू असताना सरासरीने १० तासांतून एकदा प्रकट होतो, आणि त्याचे प्रकट होणे आधी किती काळ गेला ह्यावर अवलंबून नाही. तर ५ मिनिटांच्या चाचणीत तो सापडण्याची संभाव्यता सुमारे ०.८ टक्का येते, १ तासाच्या चाचणीत सुमारे ९.५ टक्के, १० तासांच्या चाचणीत ६३ टक्के आणि २४ तासांच्या चाचणीत ९१ टक्के. ती ९५ टक्क्यांवर न्यावयाची तर ३० तास, म्हणजे सरासरी अंतराच्या तिप्पट काळ लागतो.

हेच गणित उलट बाजूने मांडले म्हणजे त्याचा खरा अर्थ उघड होतो. चाचणी काही काळ निर्विघ्न चालली, तर ९५ टक्के विश्वासाने एवढेच म्हणता येते की, दोषाच्या दोन प्रकटनांमधील सरासरी अंतर त्या काळाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक आहे. पाच मिनिटे निर्विघ्न गेली, म्हणजे दोष सरासरी १०० सेकंदांतून एकदा ह्याहून अधिक वेळा घडत नसावा. चोवीस तास निर्विघ्न गेले, म्हणजे तो ८ तासांतून एकदा ह्याहून अधिक वेळा घडत नसावा. हे विधान निरुपयोगी नाही, परंतु ‘दोष नाही’ ह्या विधानापासून ते फार दूर आहे. जी फाइल-सिस्टिम जगभर असंख्य यंत्रांवर अहोरात्र वावरणार आहे, तिच्यापुढे आठ तासांतून एकदा हे प्रमाण काय दाखवते, हे सांगावयास नको. सामान्य वापर चाचणीइतका कठोर नसतो हे खरे. पण वापराचे एकूण तास चाचणीच्या तासांना कितीतरी पटींनी मागे टाकतात.

म्हणजे पाच मिनिटांच्या चाचणीला शंभर सेकंदांतून एकदा घडणारा दोष हा घट आहे, आणि दहा तासांतून एकदा घडणारा दोष हा पिशाच आहे. एकच दोष एका मर्यादेत योग्य तर दुसऱ्या मर्यादेत अयोग्य ठरतो. कालमर्यादा ठरविणे ही केवळ सोयीची बाब आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मर्यादा ठरविताना आपण कोणत्या दोषांविषयी बोलण्याचा अधिकार घेतो आणि कोणत्यांविषयी सोडतो, ह्याचाच निर्णय होत असतो. तो निर्णय वेळापत्रकात उरलेल्या जागेवरून होतो, ही येथील मुख्य तक्रार आहे.

५

ह्यावर एक आक्षेप संभवतो. पाच मिनिटांची चाचणी रोज रात्री चालते, आणि १२० रात्रींत दहा तास भरतात; मग एकदाच दीर्घ चाचणी कशाला? आक्षेपाचे उत्तर दुहेरी आहे. पहिले असे की, ह्या १२० रात्रींत कर्नल स्थिर राहत नाही. काल शिरलेल्या दोषाच्या वाट्याला आजची एकच रात्र येते, आणि उद्या त्याच्या शेजारी दुसरा दोष शिरतो. रात्रींची बेरीज तेव्हाच करता येते, जेव्हा परीक्ष्य वस्तू तीच राहते.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. वर केलेले गणित ‘आधी किती काळ गेला ह्यावर अवलंबून नाही’ ह्या गृहीतावर उभे होते. फाइल-सिस्टिमच्या बाबतीत ते गृहीत पुष्कळदा खोटे ठरते, कारण ती वयात येते. मोकळ्या जागेचे तुकडे पडत जातात, डिरेक्टऱ्या वाढून त्यांची रचना बदलते, स्मृती भरते, आणि नोंदवहीसारखा वापरला जाणारा जो ‘लॉग’ चक्राकार असतो तो भरून पुन्हा आरंभापाशी येतो. कीथ स्मिथ आणि मार्गो सेल्ट्झर ह्यांनी १९९७ मध्ये अनेक महिन्यांच्या वापराची प्रतिकृती घडवून फाइल-सिस्टिम मुद्दाम जुनी केली, आणि कोऱ्या व मुरलेल्या व्यवस्थेचे वर्तन सारखे नसते हे वेगाच्या संदर्भात दाखवून दिले. दोषांच्या संदर्भातही तोच न्याय लागू करणे युक्त आहे. जी छोटी चाचणी दरवेळी कोऱ्या फाइल-सिस्टिमपासून आरंभ करते, ती तिचे बाल्यच पुनःपुन्हा तपासते. सहा मिनिटांच्या दहा चाचण्या मिळून एक तासाची चाचणी होत नाही. ‘सोक’ ह्या शब्दाचे समर्थन हेच आहे; दहा वेळा पाण्यात बुडवून काढलेले कापड भिजत घातलेल्या कापडाची बरोबरी करीत नाही.

म्हणून मर्यादा घालताना किती वेळ ह्याबरोबरच कोणत्या वयापासून हेही सांगितले पाहिजे. लहान मर्यादा अपरिहार्य असेल तेथे आधीच मुरवून ठेवलेल्या फाइल-सिस्टिमवर चाचणी सुरू करणे हा एक मार्ग आहे. तो वेळ वाचवितो आणि योग्यताही राखतो.

६

मर्यादेचे दोन प्रकार व्यवहारात एकाच नावाखाली वावरतात, त्यांत भेद करणे अवश्य आहे. पहिला प्रकार म्हणजे चाचणीने ठरलेली वेळ होताच स्वतः थांबणे. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या पहारेकऱ्याने वेळ टळल्याचे पाहून चाचणी ठार मारणे. पहिल्याने परीक्षा पूर्ण होते. दुसऱ्याने ती मोडते.

हा भेद कशासाठी? एफएसस्ट्रेस स्वतः साक्षीदार नाही, हे वर सांगितले आहे. तिच्या भडिमाराने आतल्या आत काही बिघडले असेल तर ते पुष्कळदा चाचणी संपल्यावर कळते. तेव्हा फाइल-सिस्टिम उतरविली जाते आणि तिच्या रचनेची तपासणी करणारी आज्ञावली चालविली जाते. एक्सएफएसटेस्ट्स प्रत्येक चाचणीनंतर अशी तपासणी करतो. पहारेकऱ्याने मध्येच सर्व कारभार आवरता घेतला, तर ही अखेरची साक्ष नोंदलीच जात नाही.

शिवाय मारणेही सोपे नाही. फाइल-सिस्टिममध्येच कुलूप अडकून बसलेली प्रक्रिया कर्नलच्या आत अशा निद्रेत असते की, तिला ठार मारण्याची आज्ञा दिली तरी जागी होईपर्यंत ती आज्ञा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे ज्या दोषासाठी पहारेकरी ठेवला, नेमक्या त्याच दोषापुढे तो हतबल ठरू शकतो. कर्नलमध्ये अशा निद्रिस्त प्रक्रियांचा वेध घेणारी सोय आहे, आणि ती सामान्यतः १२० सेकंदांनंतर इशारा देते. हा इशारा पुराव्यात जमा केला पाहिजे. ‘वेळ संपला’ एवढाच शेरा लिहून जे पुढे जातात, ते मंद चाचणी आणि अडकलेली चाचणी ह्यांना एकाच रकान्यात टाकतात. पहिली यंत्राविषयी काही सांगते, तर दुसरी फाइल-सिस्टिमविषयी.

७

वेळ आणि क्रियांची एकूण संख्या ह्यांखेरीज मर्यादेचा एक तिसरा प्रकार आहे, आणि तर्कदृष्ट्या तो सर्वांत शुद्ध आहे : वाक्याची लांबी बांधून घेणे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील जयश्री मोहन, विजय चिदंबरम आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१८ मध्ये ‘क्रॅशमंकी’ व ‘एस’ ही दोन साधने मांडली. यंत्र एकाएकी बंद पडल्यावर फाइल-सिस्टिम सुसंगत राहते का, हा त्यांचा विषय. पूर्वी नोंदलेले दोष अभ्यासून त्यांच्या ध्यानात आले की, त्यांपैकी बहुतेक दोष नव्या फाइल-सिस्टिमवर थोड्याच क्रियांच्या क्रमाने पुन्हा घडविता येतात. म्हणून त्यांनी यादृच्छिकता सोडली, क्रियांची लांबी व विविधता बांधून घेतली, आणि त्या मर्यादेतील क्रम पद्धतशीरपणे निर्माण करून तपासले. मागील पाच वर्षांत नोंदलेल्या २६ दोषांपैकी २४ त्यांच्या साधनांना सापडले. शिवाय प्रचलित फाइल-सिस्टिमांत १० नवे दोष मिळाले, आणि त्यांपैकी ७ दोष २०१४ पासून कर्नलमध्ये वास करीत होते. ज्या एफएससीक्यू ह्या फाइल-सिस्टिमची निर्दोषता गणिती सिद्धतेने प्रस्थापित केल्याचे मानले जात होते, तिच्यातही एक दोष निघाला.

ह्या उदाहरणाचे तात्पर्य यादृच्छिक चाचणी टाकून द्यावी असे नाही. लहान क्रमांची मर्यादा वयात आलेल्या व्यवस्थेचे आणि अनेक प्रक्रियांच्या गुंफणीचे दोष पाहू शकत नाही. ते क्षेत्र एफएसस्ट्रेसचेच. परंतु येथे मर्यादा स्वतःचा अर्थ स्वतः सांगते. ‘इतक्या लांबीपर्यंतच्या, अमुक प्रकारच्या क्रमांत दोष आढळला नाही’ हे विधान योग्यतेच्या कसोटीस उतरते, कारण त्या परिघात दोष असता तर तो समोर यावयास हवा होता. ‘एक तासात आढळला नाही’ ह्या विधानाचा परिघ मात्र कोणालाच दाखविता येत नाही.

यादृच्छिक चाचणीचा परिघही काही अंशी अजमावता येतो, आणि तेथे आमच्या शाखेचा एक जुना मित्र मदतीस येतो. शब्दसंग्रहाच्या अभ्यासात एकदाच आढळणाऱ्या शब्दांना विशेष महत्त्व आहे. आय. जे. गुड ह्यांनी १९५३ मध्ये ॲलन ट्युरिंग ह्यांच्या सूचनेवरून मांडलेला अंदाज असा की, नमुन्यातील एकूण नोंदींत एकदाच आलेल्या प्रकारांचे जे प्रमाण, तेवढीच पुढची नोंद सर्वस्वी नव्या प्रकाराची असण्याची संभाव्यता. शब्दांच्या जागी कर्नलमधील वाटा घेतल्या, तर चाचणी थांबविण्यास एक कारण मिळते. ज्या वाटांवरून चाचणी एकदाच गेली त्यांचे प्रमाण अजून मोठे असेल, तर घड्याळ काही म्हणो, पाहणे अपुरे आहे. ते प्रमाण नगण्य झाले असेल, तर त्याच पद्धतीने आणखी वेळ घालविण्यात हशील थोडे. मार्सेल ब्योमे ह्यांनी २०१८ मध्ये सॉफ्टवेअरच्या चाचणीकडे नव्या प्रजातींच्या शोधाप्रमाणे पाहावे असे जे प्रतिपादन केले, ते ह्याच दिशेचे आहे. ह्यात एक सावधगिरी हवी : वाट चालून झाली म्हणजे तिच्यावरील दोष दिसलाच, असे नाही. तरीही रिकाम्या वेळापत्रकापेक्षा हा आधार भरवशाचा आहे.

८

हा सारा ऊहापोह शब्दच्छल वाटू नये म्हणून एका प्रसंगाचा उल्लेख करतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन ह्या लिनक्स-वितरणाने आपल्या १२.३ ह्या आवृत्तीचे प्रकाशन रोखून धरले, कारण ६.१.६४ ह्या कर्नलमध्ये एक्स्टफोरवरील मजकूर बिघडविणारा दोष असल्याचे उघडकीस आले होते. एक बदल जुन्या शाखेत आणला गेला. तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता तो मात्र आणला गेला नव्हता. १० डिसेंबर रोजी दुरुस्त कर्नलसह १२.४ ही आवृत्ती काढावी लागली. स्थिर शाखांतील कर्नल प्रसिद्ध होण्यापूर्वी परीक्षणास सामान्यतः दोन दिवसांच्या आसपास अवधी मिळतो. दीर्घ चाचणी असती तर हा दोष हमखास सापडला असता, असा दावा येथे नाही. तो दुर्मिळतेपेक्षा विसंगतीचा दोष होता, आणि योग्य प्रश्न विचारणारी लहान चाचणीही त्याला पुरे पडली असती. मुद्दा असा की, दोन दिवसांच्या त्या अवधीत निरनिराळ्या परीक्षकांकडून जे ‘तक्रार नाही’ असे अभिप्राय येतात, त्यांची बेरीज वाचणारा कशाच्या आधारे करतो? प्रत्येक अभिप्रायामागे किती व कोणते पाहणे उभे आहे, हे त्या शब्दांत नसते.

म्हणून तीन अपेक्षा नोंदवितो. पहिली, वेळेने बांधलेल्या प्रत्येक यादृच्छिक चाचणीच्या अहवालात सेकंदांच्या जोडीने झालेल्या क्रियांची संख्या, प्रक्रियांची संख्या आणि बीज ही यावीत. थांबण्याचा अधिकार घड्याळाला दिला तरी मोजण्याचे काम संख्येकडेच राहावे. दुसरी, मर्यादा ठरविताना किती दुर्मिळ दोषाविषयी बोलावयाचे आहे हे आधी ठरवावे आणि त्याच्या तिप्पट काळ धरावा. तेवढा काळ परवडत नसेल तर तसे लिहावे. तिसरी, निकालाच्या शब्दांत एकाची भर पडावी. आवश्यक साधन नसल्यामुळे जी चाचणी चाललीच नाही तिच्यासाठी ह्या संग्रहात ‘नॉट रन’ असा निकाल आहेच. जी चालली, पण फार थोडी चालली, तिला मात्र आज उत्तीर्णांच्याच पंक्तीत बसविले जाते. तिच्यासाठी ‘अपुरी’ असा निराळा शेरा असावा.

कालमर्यादेला विरोध करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. अनंत काळ चालणारी परीक्षा निकाल देत नाही, आणि निकाल न देणाऱ्या परीक्षेचा कोणालाच उपयोग नाही. ज्याच्यापाशी एकच यंत्र आणि एकच रात्र आहे, त्यानेही आपल्या परीने परीक्षा घ्यावी, आणि तिचे स्वागत व्हावे. ‘सोक ड्युरेशन’ने त्याची सोय केली, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु त्या रात्री त्याने जे पाहिले त्याच्या मापानेच त्याने बोलावे. ‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ ह्या दोन विधानांतील अंतर मराठीत एका क्रियापदाचे आहे. अहवाल लिहिणाऱ्याने ते क्रियापद गाळू नये, आणि वाचणाऱ्याने ते गाळले गेले आहे का, हे आधी पाहावे.